खोटी सही नको, खरी सही लिहा

आधी तुमच्या कादंबरीचं कथानक थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. कृष्णाकाठचं एक तालुक्याचं गाव. जुना वाडा आणि दहा एकर वडिलोपार्जित बागायत. वडील १९९५ साली वारतात. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. थोरल्या मुलीचं लग्न १९९२ ला झालेलं, धाकटीचं वडिलांच्या माघारी १९९६ ला होतं. थोरला भाऊ शेती बघतो, धाकटा पुण्याला कंपनीत लागतो. थोरला बायकोच्या सांगण्यावरून तिघा भावंडांच्या खोट्या सह्या करून जमीन एकट्याच्या नावावर चढवतो. वीस वर्षांनी दावा, हस्ताक्षरतज्ज्ञाची साक्ष, बिंग फुटतं, निकाल लागतो. तुमचा प्रश्न आहे : हे वकिलाला पटेल का?

मी २८ वर्षं तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वकिली करते. त्यातले बहुतेक दावे वाटपाचे, म्हणजे भाऊबंदकीचे. खोट्या सह्यांचं प्रकरण घडतच नाही असं नाही, त्यामुळे तुमचं कथानक कायद्यात बसतं. पण माझ्याकडे आलेल्या माणसांचं जे मोडलं होतं ते त्यात नाही. माझ्या पक्षकारांपैकी फार थोड्यांच्या सह्या खोट्या होत्या. बाकी सगळ्यांनी स्वतःच्या हाताने, शुद्धीत, भावाच्या शेजारी बसून सही केली होती. तुमची कादंबरी तिथून सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं.

खोटी सही केली की थोरला गुन्हेगार ठरतो, बाकीचे निर्दोष ठरतात आणि वाचकाला विचार करायला काही उरत नाही. खरी सही असली की प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. का केलीस? वाचलं का नाहीस? वाचलं होतंस तर बोलली का नाहीस?

दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवायच्या कचेरीतला दिवस मी तुम्हाला सांगते, कारण तो मी अनेकदा जवळून पाहिला आहे. बहीण सकाळच्या एसटीने येते. भाऊ स्टँडवर घ्यायला आलेला असतो, तिची पिशवी तोच धरतो. कारण साधं सांगितलेलं असतं : सोसायटीचं कर्ज काढायचंय, सातबाऱ्यावर इतकी नावं असली की प्रत्येक वेळी सगळ्यांच्या सह्या लागतात, तुला दर वेळी कशाला त्रास. हे कारण खोटंही नसतं. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज काढताना खातेदारांच्या सह्यांसाठी खरोखरच पायपीट होते. दस्त लिहिणारा भरभर वाचून दाखवतो : ‘लिहून देणार यांनी अक्कलहुशारीने, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, विनामोबदला, केवळ प्रेमापोटी आपला हक्क सोडून दिला आहे.’ खाली गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. बहिणीचं लक्ष चतुःसीमेवर असतं. ‘पूर्वेस ओढा’ ऐकलं की तिला ओढा आठवतो. मग सही, मग अंगठा. त्या कचेऱ्यांच्या भिंतींवर हाताच्या उंचीला शाईचे शेकडो डाग असतात, लोक अंगठा तिथेच पुसतात. बाया केसांना पुसतात. बाहेर आल्यावर भाऊ हॉटेलात नेतो, मिसळ सांगतो, निघताना साडी हातात ठेवतो. ती साडी ती पुढे दिवाळीला नेसते आणि शेजारणीला सांगते की माहेरची आहे.

यात दगा कुठे झाला ते दाखवता आलं तर तुमचं पुस्तक उभं राहिलं. ‘केवळ प्रेमापोटी’ हे दस्तातले ठरीव शब्द आहेत आणि त्या दिवशी ते खरेही असतात. अशी एक बहीण माझ्यासमोर त्या दस्ताची नक्कल घेऊन बसली होती. त्या दोन शब्दांवर बोट ठेवून ती म्हणाली, ‘हे एवढं तरी खोटं आहे म्हणता येईल का हो कोर्टात?’ मला उत्तर देता आलं नाही.

आता तुमच्या तारखांबद्दल. त्या तुम्ही बहुधा सहज घेतल्या असाव्यात, पण त्यांत केवढी मोठी गोष्ट दडलीय ते बघा. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना जन्माने सहहिस्सेदार केलं ते २२ जून १९९४ पासून, केंद्राच्या ११ वर्षं आधी. पण त्या दुरुस्तीत एक अट होती : त्या तारखेआधी जिचं लग्न झालं तिला ती लागू नाही. म्हणजे तुमच्या घरातल्या दोन सख्ख्या बहिणींपैकी धाकटी सहहिस्सेदार, थोरली नाही. १९९५ ला वडील वारले तेव्हाचा हिशेब काढा. आई, वडील, दोन मुलगे आणि धाकटी, असे पाच सारखे भाग. वडिलांचा पाचवा भाग पाचही वारसांत पुन्हा सारखा. दहा एकर म्हणजे ४०० गुंठे. आई, दोन्ही भाऊ आणि धाकटी यांना ९६ गुंठे प्रत्येकी. थोरलीला १६. एकाच आईच्या पोटच्या, एकाच पाटावर जेवलेल्या दोघी, आणि मध्ये ८० गुंठ्यांचा फरक, कारण एकीचं लग्न त्या तारखेच्या दोन वर्षं आधी उरकलं. त्या लग्नासाठी वडिलांनी घाई केली असेल. धाकटीसाठी स्थळ लवकर जमलं नाही म्हणून घरात चिंता असेल. हे सगळं तुमच्या हातात आहे.

आता असं करून बघा. थोरला भाऊ वकिलाला विचारतो. वकील सांगतो, धाकटीकडून हक्कसोड घे, तिचा वाटा भावाइतका आहे. थोरल्या बहिणीचं काय, सोळा गुंठे, ती कधी मागणार नाही, सोडून दे. १९९८ साली धाकटीची सही होते. थोरलीला कोणी विचारतही नाही. ती त्या वेळी मनात म्हणते, मला साधं बोलावलंही नाही. पुढे ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती येते आणि लग्नाच्या तारखेची अट जाते. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली नसेल तर थोरलीही भावाइतकीच हिस्सेदार. त्या वेळी वडील हयात नसले तर काय, यावर न्यायालयांत अनेक वर्षं मतभेद होते. ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील २००५ ला हयात असण्याची गरज नाही. म्हणजे जिला कोणी मोजलंच नव्हतं तिच्या हातात आता पूर्ण वाटा आहे, आणि जिला मिसळ खाऊ घालून साडी दिली तिच्याकडे नोंदणीकृत दस्तानं दिलेलं शून्य. विरुद्ध बाजू यावर खूप वाद घालेल, पण दावा उभा राहतो.

मग धाकटी थोरलीकडे जाते. म्हणते, ताई, मला यातलं अर्धं दे. आणि ताई गप्प बसते. तुमच्या कादंबरीतला सगळ्यात मोठा दगा कदाचित हा असेल, आणि तिथे एकाही कागदावर कोणाची सही नसेल.

धाकट्या भावाच्या सहीचीही गरज नाही. सातबाऱ्यावर एक जुनी पद्धत होती. एकत्र कुटुंबाच्या वतीने एकाच भावाचं नाव लागे आणि पुढे लिहिलेलं असे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीच्या भावांचा हक्क त्या तीन अक्षरांत राहायचा. सातबारा पुन्हा लिहिताना ती अक्षरं गळाली की राहतं फक्त थोरल्याचं नाव. कोणी मुद्दाम गाळली की तलाठ्याच्या हातून राहून गेली, हे तीस वर्षांनी कोणी सांगू शकत नाही. थोरल्यालाही ठाऊक नसेल. पण ज्या दिवशी त्याला ते दिसलं त्या दिवशी त्याने भावाला फोन केला नाही, एवढंच त्याने केलं. बहिणींची नावं अशा सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात खाली कुठेतरी असतात. जमिनीच्या कागदावर कोणाचं नाव वर आणि कोणाचं बाजूच्या रकान्यात, हे वाचायला शिका. माझ्या मते कुटुंबाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कशात सापडत नाही.

तसाच फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची नोंद. वारस नोंद किंवा हक्कसोडीची नोंद आधी गाव नमुना सहामध्ये होते, नोटीस चावडीवर लागते, संबंधितांना पाठवायची असते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. अनेक घरांत नोंदणीकृत दस्त झालेलाच नसतो. बहिणींनी तलाठ्यापुढे साध्या कागदावर जबाब दिलेला असतो की आमचं काही म्हणणं नाही, आणि त्यावर त्यांची नावं कमी झालेली असतात. लोकांना वाटतं सगळं गेलं. तसं नसतं. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावा लागतो, आणि नुसत्या फेरफाराने मालकी जात नाही की येत नाही. नवा पक्षकार आला की मी पहिलं वाक्य तेच बोलते : फेरफाराची नक्कल काढून आणा. तुमच्या पात्राने ती नक्कल रेकॉर्ड रूममधून काढावी, आणि त्यावर नोटीस मिळाल्याची स्वतःच्या आईची सही त्याला दिसावी. आईला माहीत होतं, हे मुलाला असंच कळतं.

आई तुमच्या आराखड्यात जवळजवळ नाहीच, ‘आई दुःखाने खंगत जाते’ एवढंच आहे. तिला असं सोडू नका. तिच्या नावे ९६ गुंठे आहेत. ती थोरल्याकडे राहते, त्याच्या चुलीवर जेवते. तिचं औषधपाणी तोच करतो. बाकीची मुलं गौरी-गणपतीला दोन दिवस येतात. तिने कोणाच्या बाजूने बोलायचं? वाटपाच्या दाव्यात ती बहुतेक वेळा प्रतिवादी असते, थोरल्याच्या शेजारी बसलेली, आणि मधल्या सुट्टीत वादी मुलासाठी डब्यातली भाकरी बाजूला काढून ठेवलेली. हे मी पाहिलेलं आहे, एकदा नाही.

आणि थोरल्याच्या बायकोला खलनायिका करू नका, ही माझी कळकळीची विनंती. ‘बायकोच्या सांगण्यावरून’ हे आपल्याकडे फार पूर्वीपासून चालत आलंय. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं ही दंतकथा मराठी घराघरांत आहे, आणि त्या ‘ध’चा ‘मा’ आपण सरळ आनंदीबाईंच्या माथी मारून मोकळे झालो. कागदातलं एक अक्षर, घरातला काका-पुतण्याचा तंटा आणि दोष बाईला. तुमच्या थोरल्या भावाच्या बायकोने वीस वर्षं सासूचं केलंय, गुरं बघितलीत, नणंदांची बाळंतपणं काढलीत, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव कुठल्याच रकान्यात नाही. तिच्या बाजूने एक अख्खं प्रकरण लिहून बघा.

थोरल्यालाही त्याचं म्हणणं मांडू द्या, पूर्ण ताकदीने. त्याने दहावीनंतर शाळा सोडली कारण वडिलांना दम लागायचा. धाकटा शिकला ते त्याने काढलेल्या कर्जावर. धाकटीचं लग्न त्यानेच केलं. वाड्याची पडवी पावसात कोसळली तेव्हा पुण्याहून कोणी आलं नाही. उलटतपासात एका थोरल्या भावाला मी विचारलं होतं, ‘या जमिनीत तुमच्या बहिणीचा वाटा आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?’ तो म्हणाला, ‘बाई, तिचा वाटा मी तिच्या लग्नात वाढला.’ न्यायाधीशांनी लिहून घेतलं, माझ्या बाजूला ते उत्तर फायद्याचं होतं. तरी त्या संध्याकाळी मला घास गेला नाही, कारण तो मनापासून बोलत होता.

बिंग फुटण्याच्या प्रसंगाबद्दल. हस्ताक्षरतज्ज्ञ काढून टाका. घरातली गोष्ट बहुतेक वेळा एखाद्या वेगळ्याच कामातून बाहेर येते. रस्त्याच्या रुंदीकरणासाठी भूसंपादन निघतं, यादीत नावं छापून येतात आणि त्यात आपलं नाव नसतं. किंवा मुलाच्या शेतकरी दाखल्यासाठी कोणी सातबारा काढायला जातं. आणि गावाला तर आधीच माहीत असतं. मुद्रांक विक्रेत्याच्या वहीत कागद कोणी घेतला आणि कशासाठी हे लिहिलेलं असतं. ओळख पटवायला आलेले दोन साक्षीदार आळीतलेच असतात. तालुक्याच्या गावात दोन्ही भावांचा डॉक्टर एक, बँकेचा शिपाई एक, आणि त्यांचे वकील एकाच टपरीवर चहा घेतात. इतक्या लोकांना माहीत असताना वीस वर्षं तिघांपैकी कोणाच्याच कानावर गेलं नाही, हे वाचक मानणार नाही. मीही मानत नाही.

हाच दाव्याचाही गाभा असतो. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत यावं लागतं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून बाहेर काढलं म्हणून वाटा मागायचा तर ते कळल्यापासून बारा वर्षं. त्यामुळे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बहिणीला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘तुम्हाला हे कधी कळलं?’ कोणी फसवलं हा प्रश्न मागे पडतो. आणि तिथे, शपथेवर, फसवली गेलेली बाई बहुधा पहिल्यांदा खोटं बोलते. सांगते, मागच्या वर्षी सातबारा काढला तेव्हा. खरं तर तिला फार आधी कळलेलं असतं. भाऊबीजेला ओवाळताना तिला माहीत होतं. भावाच्या मुलीच्या लग्नात ती करवली म्हणून मिरवली तेव्हाही माहीत होतं. बोललं असतं तर माहेर तुटलं असतं, म्हणून गप्प राहिली. आता ते खरं सांगितलं तर दावा मुदतीत बसत नाही. इतकी वर्षं माहेर टिकवण्यासाठी जे मनात ठेवलं तेच तिला भर न्यायालयात नाकारावं लागतं, आणि समोर बसलेल्या भावाला ते खोटं आहे हे ठाऊक असतं, कारण त्यालाही भाऊबीजेला तिच्या डोळ्यांत ते दिसलं होतं. तुमचा न्यायालयातला मोठा प्रसंग हा करा. आवाज कोणी चढवायची गरज नाही.

भाषेची एक बारीक गोष्ट : वादी, प्रतिवादी, कैफियत, मनाई अर्ज, सरतपास, उलटतपास एवढे शब्द पुरेत. ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणून हातोडा आपटणारा न्यायाधीश लिहू नका, आपल्या न्यायालयात हातोडा नसतो. आणि आमचा वाटपाचा प्रत्येक दावा वंशावळीने सुरू होतो, मूळ पुरुष वर, खाली फांद्या, मयतांच्या नावापुढे ‘मयत’. कादंबरीत वंशावळ तीन वेळा देता येईल, आणि दर वेळी त्यात एक ‘मयत’ वाढलेला असेल. दावे तेवढे चालतात.

शेवटचं, निकालाबद्दल. तुम्ही लिहिलंय की निकालाने न्याय होतो आणि पुस्तक संपतं. वाटपाच्या दाव्यात निकालाने काही संपत नाही. न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनामा देतं, कोणाचा किती हिस्सा एवढंच त्यात असतं. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदार, भूमी अभिलेख, मोजणी. त्यालाही वर्षं लागतात. मोजणीच्या दिवशी सगळे रानात जमतात. भूकरमापक नकाशा पसरतो, हद्दीच्या खुणा होतात, कोणाला ओढ्याकडची बाजू, कोणाला रस्त्याकडची यावर आवाज चढतात. मग विहीर येते. विहीर कापता येत नाही. ती समाईक राहते आणि पाण्याच्या पाळ्या लावाव्या लागतात, कोणाला कोणते वार, कोणाला किती तास. ज्यांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही म्हणून अठरा वर्षं दावा लढला त्यांना आता दर आठवड्याला एकाच मोटारीच्या पेटीशी यावं लागतं.

एका मोजणीला मी मुद्दाम गेले होते, पक्षकार म्हातारी होती म्हणून. दोन्ही मुलं पाळ्यांचे वार सांगत होती आणि भूकरमापक कागदावर लिहीत होता. म्हातारी बांधावर बसली होती. तिच्याही हिश्श्याला पाळी आली होती, वीज रात्रीची होती, म्हणजे वाफ्यांची दारं उघडून पाणी वळवायला रात्रीच उभं राहायचं. तिने विचारलं, ‘माझ्या पाळीला दारं कोण धरणार?’ दोघंही विहिरीकडे बघत राहिले. भूकरमापकाने पेन उचलून धरला होता, नाव ऐकायची वाट बघत.